उजव्या पायाचा बोल्ट

दादाच्या बोटाला चांगलंच कापलं होतं आणि दादाला त्याचा पत्ताच नव्हता, हे धाकटीनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला हसू आलं होतं.

तो नेहमीसारखा बाकाशी उभा होता. समोर एका डोंगरी सायकलचा, पुढचं चाक धरणारा फोर्क उलटा बांधलेला, शेजारी तेलाची परात. तेल अडवणारं जुनं रबरी सील उपसून काढताना हत्याराची कड बोटात घुसली असणार. पांढऱ्या फडक्यावर लाल ठसे उमटत होते आणि हा गडी गुणगुणत नळी पुसत होता.

"दादा, अरे रक्त!"

त्यानं हात वर धरून पाहिला, जणू तो शेजाऱ्याचा होता. "कातडी जाड झालीये माझी," तो म्हणाला. "इतकी वर्षं तुझ्या वहिनीची बोलणी खाऊन होणारच."

दोघं हसली. धाकटीनं पट्टी बांधली आणि विसरून गेली.

धाकटी आता नावालाच धाकटी होती. कपाळावरचे केस पिकले होते, चष्म्याला दोरी आली होती, लेक शिकायला लांब गेली होती; पण दादाची बहीण म्हणून सगळं दुकान तिला धाकटीच म्हणायचं. नवरा सोडून ती भावाच्या दारात आली, त्याला आता बराच काळ लोटला होता. तेव्हा दादानं एक शब्द विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुकानात नेलं, हातात पाना दिला आणि म्हणाला, "रडायचं असेल तर मागच्या खोलीत रड, तिथं घाण पाण्याची सोय आहे. रडून झालं की पुढं ये, काम पडलंय." ती आठवडाभर मागच्या खोलीत जाऊन येऊन होती. मग जायचं राहूनच गेलं.

दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाक, हत्यारं, भिंतीला टांगलेल्या सायकली. मागच्या खोलीत मोठं बेसिन आणि तेलाचे डबे. जिना चढून गेलं की दादाचं घर. गावाच्या पाठीला डोंगर होता आणि त्या डोंगराच्या पायवाटांवरून सायकल खाली सोडणाऱ्या वेड्यांची गावात कमतरता नव्हती. दगड, मुळं, उड्या, सगळ्यांवरून ती माणसं यायची ती पुढच्या फोर्कच्या भरवशावर. आणि फोर्कच्या बाबतीत पंचक्रोशीत एकच नाव घेतलं जायचं. सगळे दादाला मास्तर म्हणत.

"दोन पाय असतात फोर्कला," त्यानं धाकटीला शिकवताना सांगितलं होतं. "डाव्यात कोंडलेली हवा. चाक दगडावर आदळलं की ती दबते आणि मग उसळते. उजव्यात तेल. ते त्या उसळीला लगाम घालतं. लगाम नसेल तर फोर्क खेचरासारखा लाथ मारतो, आणि वरचा माणूस फुलपाखरासारखा उडतो. फरक इतकाच की फुलपाखराला उतरता येतं."

दोन्ही पायांच्या तळाशी एकेक बोल्ट असतो. आतली दांडी आणि बाहेरचा पाय यांना एकत्र बांधून ठेवणारा तोच. फोर्क उघडून, धुऊन, नवी सीलं बसवून, ताजं तेल भरून झालं की शेवटी हे दोन बोल्ट आवळायचे. किती आवळायचे याला माप असतं आणि त्यासाठी मापाचा पानाही मिळतो. ठरलेला जोर लागला की तो हातात टक् करून सांगतो. धाकटी तोच वापरायची. दादा म्हणायचा, "तो पाना माझ्या मनगटात बसवलेला आहे." ही फुशारकी नव्हती. गावातल्या मेकॅनिकांनी एकदा पैज लावून त्याचे बोल्ट मापून पाहिले होते आणि सगळ्यांनी तोंडात बोटं घातली होती.

म्हणून, बोट कापल्यानंतर काही दिवसांनी, एका तयार फोर्कच्या तळाशी तेलाचा थेंब दिसला तेव्हा धाकटीला वाटलं, वॉशर खराब असेल. तिनं पाना लावला. बोल्ट नुसत्या चिमटीनं फिरला.

तिनं मागे वळून पाहिलं. दादा जेवायला वर गेला होता. तिनं बोल्ट आवळला, फोर्क पुसला, होता तिथे ठेवला आणि हात धुवायला मागच्या खोलीत गेली. साबण लावून झाला तरी ती तिथेच उभी राहिली.

एकदा कुणाचंही चुकतं. पण पुढच्या आठवड्यात दुसरा बोल्ट सैल निघाला. मग एका फोर्कमध्ये सीलाखालची फोमची कडी दुमडून बसलेली. मग दादाच्या हातून छोट्या छोट्या चकत्या खाली पडायला लागल्या, आणि त्या टिपायला वाकताना तो बाकाचा आधार घ्यायला लागला. "डोळे गेले माझे," तो म्हणायचा. पण धाकटी बघत होती. डोळे नव्हते गेले. बोटं चकतीवर पोचायची, मिटायची, आणि चकती हातात आली की नाही हे बोटांना कळायचंच नाही.

तेव्हापासून तिनं ते सुरू केलं. दादा जेवून वर जरा आडवा व्हायचा. तेवढ्या वेळात ती त्याचे तयार फोर्क खाली घ्यायची आणि एकेक बोल्ट मापानं तपासायची. बहुतेक वेळा सगळं ठीकच असायचं. एखादा सैल निघाला की ती आवळून ठेवायची. हवेचा दाब पाहायची, नळी दाबून तिची चाल बघायची आणि दादाची पावलं जिन्यावर वाजायच्या आत सगळं जागच्या जागी. चोरी करावी तसं ती त्याचं काम दुरुस्त करत होती. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं, फोर्क दाबून बघायचं आणि म्हणायचं, "मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही." दादा मान तुकवायचा. धाकटी बिलाकडे बघत बसायची.

एकदा ती वहिनीला सांगायला म्हणून वर गेली. वहिनी खिडकीशी बसून दादाच्या शर्टाची बटणं उसवत होती.

"तुटलीत का?" धाकटीनं विचारलं.

"नाही गं." वहिनी जरा घुटमळली. "आत दाबली की बंद होणारी चिकटपट्टी लावतेय. वरून बटणं तशीच शिवायची, म्हणजे कळत नाही. ह्यांना हल्ली बटण लागत नाही. सकाळी उशीर झालाय उशीर झालाय असं मीच म्हणते आणि पटापट लावून देते. त्यांना वाटतं, मला घाई."

धाकटी तिच्यासमोर बसली. मग तिनं बोल्टांचं सांगितलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकाच घरात दोन चोर निघावेत आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नसावा, तसं झालं होतं.

"डॉक्टरकडे न्यायला हवं," धाकटी म्हणाली.

"मी काढला होता विषय. दोन दिवस जेवले नाहीत." वहिनीनं दोरा दातानं तोडला. "त्यांचं दुसरं आहे काय, सांग. ना व्यसन, ना मित्र. ते हातच आहेत. डोंगरावरच्या शर्यती होऊन जाऊ देत. गर्दी ओसरली की आपण दोघी मिळून सांगू. तोवर झाकली मूठ."

धाकटीला ते पटलं. खरं सांगायचं तर, तिला ते पटवून घ्यायचं होतं.

पोस्टवाली त्याच सुमारास आली. उंच, खांद्यात रुंद, उन्हानं रापलेली बाई. दिवसभर गावात टपाल वाटायची आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जायची. दुकानाशी तिचा जुना घरोबा. आली की आधी धाकटीच्या डब्यातलं काहीतरी तोंडात टाकणार आणि मग बोलणार. यंदा ती पहिल्यांदाच शर्यतीत उतरणार होती.

"मास्तर, उतारावर पुढचं चाक भरकटतंय. आणि लागोपाठ दगड आले की फोर्क खालीच बसतो, वर यायचं नाव घेत नाही."

"बस सायकलवर," दादा म्हणाला.

तिनं भिंतीला हात टेकून तोल धरला. दादानं नळीवरची रबरी कडी खाली सरकवली, तिला अलगद उतरायला लावलं आणि कडी किती वर सरकली ते पाहिलं. माणसाच्या नुसत्या वजनानं फोर्क किती बसतो ते त्यावरून कळतं. मग पंप लावून त्यानं थोडी हवा भरली. पुन्हा बस, पुन्हा उतर. उसळीचा लगाम कमीजास्त करणारी, रिबाउंडची लाल चकती त्यानं एकेक खटका फिरवली आणि प्रत्येक खटक्याला तिला फोर्क दाबून सोडायला लावला. तो स्वतः डोळे मिटून ऐकत होता. खटके त्याला बोटांना कळत नसावेत, धाकटीला वाटलं. तो कानानं मोजतोय. पण कान शाबूत होते. शेवटी फोर्क वर आला तो दारातून पाहुणा आत यावा तसा, ना धसमुसळा ना रेंगाळत.

"अगं बाई," पोस्टवाली म्हणाली. "ही सायकल माझीच आहे ना?"

"अजून आतून उघडायचाय," दादा म्हणाला. "सीलं सुकलीत. उद्या ठेवून जा, तेरवा सकाळी ने."

दुसऱ्या दिवशी सीलं संपत आली. धाकटी ती आणायला शहरातल्या घाऊक दुकानात गेली. पोस्टवालीच्या फोर्कपुरता एक जोड शिल्लक होता, तो दादानं बाजूला काढून ठेवला होता. जाताना तिनं हिशोब केला, सायकल परवा जाणार, उद्या दुपारी आपल्याला वेळ आहे. ती परतली तेव्हा ऊन कललं होतं. पोस्टवालीच्या सायकलची खुंटी रिकामी होती.

"लवकर संपलं काम, बोलावून घेतली तिला," दादा म्हणाला. तो खुशीत होता. "उद्या सकाळी वर जाऊन शर्यतीची पायवाट पाहून येणार म्हणत होती."

धाकटीनं पिशवी बाकावर ठेवली. तिनं फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. "आलेच," म्हणून ती बाहेर पडली आणि टपाल कचेरीकडे चालायला लागली.

पोस्टवाली मागच्या दालनात होती. लांबलचक टेबलावर पाकिटं पसरलेली, आणि तिचे हात गल्लीगल्लीच्या कप्प्यांत ती भराभर टाकत होते, न बघता. सायकल भिंतीला टेकून उभी होती. धाकटीला नुसतं म्हणायचं होतं, सायकल दे, एक बोल्ट तपासायचा राहिलाय. एवढंच. पण मग ती विचारणार, का? मास्तरांनी केलंय ना? आणि या कचेरीतून बातमी गावभर पोचायला पाकिटाची गरज नव्हती. टेबलापलीकडे आणखी दोघं बसले होते, दोघंही दादाचीच गिऱ्हाइकं.

"काय गं, इकडे कुठे?" पोस्टवालीनं विचारलं.

"सहज. फोर्क कसा वाटतोय?"

"लोण्यासारखा! कचेरीपर्यंत आले तर रस्त्यातले खड्डे शोधत होते. मास्तरांना सांग, जिंकले तर पदक त्यांच्या गळ्यात."

धाकटीची नजर फोर्कच्या तळाकडे गेली. उजव्या पायाखाली कोरडं होतं. तेल नव्हतं. दहातले नऊ बरोबरच असतात, तिनं स्वतःला सांगितलं. मी उगीच मनात काहीबाही आणते.

"जपून जा उद्या," ती म्हणाली.

"आई झालीस का माझी?" पोस्टवाली हसली.

धाकटी घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाला धापा टाकत दुकानात शिरला. तोही डोंगरावर जाणाऱ्यांतला. त्याच्या गुडघ्यांना माती होती. "मास्तर, पोस्टवाली पडली. त्या मोठ्या उडीच्या खाली. मी मागेच होतो. फोर्कनं तिला फेकली हो. दाबला गेला आणि असा उसळला की ती हँडलवरून समोर. गळ्याखालचं हाड मोडलंय, मनगटाचा तर चुराच झालाय. रुग्णालयात पोचवून आलो." त्याची गाडी बाहेर उभी होती आणि गाडीत तिची सायकल.

दादानं सायकल आत आणली. ती बाकाला बांधली. वाकून त्यानं उजव्या पायाच्या तळाशी हात नेला आणि मग, बोटांवर विश्वास नसल्यासारखा, चेहरा जवळ नेऊन पाहिलं. बोल्टच्या जागी भोक होतं. बोल्ट डोंगरावर कुठेतरी गळून पडला होता. आतली दांडी पायातून सुटली होती. लगाम तुटला होता, हवा मोकळी झाली होती.

बेकरीवाला गेल्यावर दादा स्टुलावर बसला.

"मी आवळला होता," तो म्हणाला. "धाकटे, मी स्वतः आवळला होता. मला लख्ख आठवतंय. आवळला होता!"

तो कुणाशी तरी भांडत असल्यासारखं बोलत होता. धाकटीला वाटलं, आता गप्प बसले तर हा बोल्टलाच दोष देईल, आणि उद्या पुन्हा बाकाशी उभा राहील.

"दादा, तुझे बोल्ट सैल निघतात."

त्यानं वर पाहिलं.

"बरेच महिने झाले. तू जेवायला गेलास की मी तपासते. सगळेच नाही, पण निघतात. काल मी इथे नव्हते, आणि तू सायकल देऊन टाकलीस."

रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज विरेपर्यंत तो ऐकत राहिला.

"म्हणजे लहान पोराला खेळायला खोटी हत्यारं देतात," तो सावकाश म्हणाला, "तसं चाललं होतं माझं. मी ठोकायचं, आणि तुम्ही मागून खरं काम करायचं. लोक वाहवा करत होते तेव्हा तू तिथेच बसलेली असायचीस. हसत होतीस मनात?"

"नाही रे दादा..."

"वहिनीला माहीत आहे?"

धाकटीची नजर जिन्याकडे गेली.

"छान," तो म्हणाला. "घरात तीन माणसं, त्यातल्या दोघांना माहीत. माझ्या हातांची बातमी सोडून सगळ्यांच्या बातम्या मला सांगत होतात." मग त्याचा आवाज चढला. "तोंड नव्हतं तुला? नवरा सोडून आलीस तेव्हा मी तुझ्याशी खोटं वागलो होतो? मला एकदा म्हणाली असतीस, दादा, तुझे हात गेले! दोन दिवस बोललो नसतो, चार दिवस जेवलो नसतो. त्या बाईचं मनगट तर शाबूत राहिलं असतं!"

वहिनी जिन्यात येऊन उभी राहिली होती. दादानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं खुंटीवरचा कोट घेतला, त्याच्या बाहीत हात घालायला धडपडला, दोघी मदतीला सरसावल्या आणि तो ओरडला, "हात लावू नका!" कोट खांद्यावर तसाच टाकून तो बाहेर पडला. धाकटी चार पावलं मागे ठेवून चालत राहिली. तो कुठे निघालाय हे तिला कळलं होतं. चालताना त्याचा उजवा पाय जमिनीवर घासत होता. हे तिनं आजवर पाहिलं नव्हतं, की पाहिलं नाही असं केलं होतं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

पोस्टवाली उशांना टेकून बसली होती. गळ्यात झोळी, मनगट प्लॅस्टरमध्ये कोपरापर्यंत. चेहऱ्याची एक बाजू सुजून डोळा मिटला होता. दादा खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.

"बोल्ट माझ्या हातून सैल राहिला," तो म्हणाला. "माझ्या बोटांना कळत नाही हल्ली. मला वाटलं आवळला. चूक माझी आहे. मी हे दुकानाच्या दारात उभा राहून सांगायला तयार आहे."

पोस्टवालीनं उघड्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, मास्तर?"

"आज कळलं. हिनं सांगितलं."

तो डोळा धाकटीकडे वळला. धाकटीला कळलं, आता आपली पाळी.

"तू आली होतीस," पोस्टवाली म्हणाली. "कचेरीत. सहज."

"हो."

"सायकल तिथेच होती. तुझ्यापासून हातभर."

"हो."

"जपून जा म्हणालीस." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "ह्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

धाकटीनं बोलायचा प्रयत्न केला. दादाचं नाव, गावातली माणसं, कचेरीत टेबलापलीकडे बसलेले ते दोघं, सगळं ओठांवर आलं आणि त्या प्लॅस्टरकडे पाहून तसंच मागे फिरलं.

"मला माफ कर," ती म्हणाली.

"जा तू आता," पोस्टवाली म्हणाली. "मास्तर, तुम्ही बसा."

धाकटी बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. आतून बोलण्याचे आवाज येत होते, शब्द नाही.

त्या दिवसानंतर गोष्टी आपापल्या गतीनं घडत गेल्या. दादानं खरोखरच येणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर सांगितलं. काहींनी त्याच दिवशी आपली सायकल परत नेली, काही थांबले. ज्यांचे फोर्क मागच्या काही महिन्यांत त्याच्या हातून गेले होते त्या सगळ्यांना धाकटीनं परत बोलावलं आणि त्यांच्यासमोर बोल्ट मापले. एकानं तिला नको ते बोलून घेतलं. तिनं ऐकून घेतलं.

डॉक्टरांनी फोटो काढले तेव्हा निघालं की मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबला जातोय, आणि बराच काळ दबला जातोय. बोटांचा बधिरपणा त्यातलाच, पाय घासणंही त्यातलंच. शस्त्रक्रिया केली तर दुखणं आहे तिथे थांबेल. गेलेलं परत येईलच असं नाही. "आधी आला असता तर," डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं. वहिनीनं मान खाली घातली.

शस्त्रक्रिया झाली. दादा गळ्यात पट्टा घालून खिडकीशी बसायला लागला. त्याची चाल सुधारली. बोटं मात्र आली तेवढीच आली. त्याला पेला धरता यायचा, चकती नाही. धाकटीशी तो कामापुरतं बोलायचा. वहिनीशी भांडायचा, म्हणजे तिथे समेट झाला होता. धाकटीशी भांडतही नव्हता.

दुकान ती एकटी चालवत होती. काम कमी झालं होतं, पण जे येत होतं ते ती नीट करत होती. दादा कधीकधी खाली येऊन स्टुलावर बसायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. "तेल कमी पडलंय," एवढंच म्हणायचा. ते खरंच कमी पडलेलं असायचं.

बऱ्याच महिन्यांनी, एका सकाळी, दादा खाली येऊन दुकानाच्या खिडकीशी बसलेला असताना, पोस्टवाली दारात उभी राहिली. झोळी गेली होती. पण मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं. टपाल वाटायचं सोडून तिला कचेरीच्या तिकीट-खिडकीशी बसवलं होतं, हे धाकटीनं ऐकलं होतं. तिनं धाकटीच्या डब्याकडे पाहिलंही नाही.

"माझी सायकल आहे?"

"आहे." धाकटीनं ती खुंटीवरून उतरवली. "नवा बोल्ट घातलाय. दांडी बदलली. तुझ्यासमोर परत मापते..."

"नको. उघड तो."

"काय?"

"सगळा उघडायचा. मला शिकायचंय." पोस्टवालीनं बाह्या वर सारल्या. मनगटावर लांब, गुलाबी व्रण होता. "डोंगरावर मला परत जायचंय. पण तुझ्या भरवशावर नाही. कुणाच्याच नाही. माझा फोर्क मी माझ्या हातानं बांधणार. दुसऱ्या गावात शिकवणारा कुणी असता तर तिकडे गेले असते. नाहीये. म्हणून आले."

धाकटीनं बाकावरचं सामान बाजूला केलं, परात ठेवली, तिच्यासाठी हातमोजे काढले. मग सांगायला सुरुवात केली. आधी हवा सोडायची, सगळी, नाहीतर उघडताना डोळ्यावर येईल. मग तळाचे बोल्ट थोडे सैल करायचे, आणि वरून हलकेच ठोकायचं. पोस्टवाली ऐकत होती, करत होती. वाकडं मनगट मधेच दगा द्यायचं, हातोडी निसटायची. धाकटीचा हात आपोआप पुढे जायचा आणि तितक्याच आपोआप मागे यायचा.

खालचे पाय सरकून बाहेर आले, काळं तेल परातीत पडलं. पोस्टवाली नळीवरून बोट फिरवत होती. "इथे काहीतरी लागतंय बोटाला. ओरखडा आहे का?"

धाकटीनं पाहिलं. होता, केसाएवढा. त्या पडण्यातलाच असणार, आणि दांडी बदलताना तो तिच्या नजरेतून सुटला होता. क्षणभर तिला वाटलं, म्हणावं की काही नाही, चालतं तेवढं.

"आहे," ती म्हणाली. "मला आधी दिसायला हवा होता. सील लवकर खराब करेल. नळी बदलावी लागेल, आणि ती महाग असते. तोवर डोंगरावर नेऊ नकोस. साध्या रस्त्यावर हरकत नाही."

पोस्टवालीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, मायेनंही नाही. नाणं खोटं की खरं बघावं तसं.

"नळी यायला किती दिवस?"

"मागवते आजच."

"आली की कळव. पुढचंही मीच करणार." तिनं हातमोजे काढून बाकावर ठेवले, बेसिनवर जाऊन हात धुतले आणि दाराकडे निघाली. जाताना खिडकीशी बसलेल्या दादाच्या खांद्यावर तिनं हात ठेवला, दोन वाक्यं बोलली. धाकटीला ती ऐकू आली नाहीत. मग ती गेली.

धाकटी उघड्या फोर्कचे भाग कागदावर ओळीनं मांडायला लागली. तिच्या डोळ्यांसमोर धूसर झालं, म्हणून तिनं चष्मा काढून पुसला.

"धाकटे," दादा खिडकीशी बसूनच म्हणाला. तिच्या नावानं त्यानं हाक मारून किती दिवस झाले होते.

"काय?"

"नळी मागवताना दोन्ही बाजूंची बघून मागव. एक गेली असेल तर दुसरीलाही मार बसला असेल. उजेडात धर जरा, मला दिसेल अशी."

तिनं नळी उचलली आणि त्याच्याजवळ घेऊन गेली.